शनिवारी पाणी कोण देणार?

ताई, नमस्कार.

आम्ही त्रिमूर्तीनगरातली पंधरा-सोळा मंडळी दर शनिवारी संध्याकाळी मेडिकलसमोर, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयासमोर, रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण वाढतो. पोळ्या घराघरांतून गोळा करतो, भाजी आणि मसालेभात आमच्याच अंगणात मोठ्या गंजात शिजतो. दीडशे ते पावणेदोनशे माणसं जेवतात. चार वर्षांत एकही शनिवार चुकवलेला नाही.

आमच्या गल्लीत एक मुलगा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. वय २७, पण समज लहान मुलाची. स्वभावानं फार गोड, बिचारा. त्याची आई मला म्हणाली, 'दिवसभर घरातच असतो, त्यालाही तुमच्यासोबत नेत जा ना.' एका शनिवारी नेलं. जाताना सगळं नीट समजावून सांगितलं होतं. पोळ्या वाढायला दिल्या, तर त्यानं एकेकाला पाच-पाच, सहा-सहा दिल्या. मागच्या पन्नासेक जणांना पोळीच उरली नाही. रांगेत आरडाओरडा झाला. आमच्यातले एक काका त्याच्यावर ओरडले. त्यानं टोपलं खाली टाकलं आणि फुटपाथवर बसून रडत राहिला. शेवटी आई त्याला ऑटोनं घरी घेऊन गेली.

आता गटात दोन तट पडलेत. काही म्हणतात, आपण सेवा करायला जातो की त्याला सांभाळायला? काही म्हणतात, दर शनिवारी नको, १५ ऑगस्टला बोलावू, शाल-श्रीफळ देऊ, फोटो काढू, त्यालाही बरं वाटेल. त्याला फिट येतात असंही आई म्हणाली होती. काही झालं तर जबाबदार कोण? मला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायची हिंमत होत नाही. काय करू?

एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

*

ताई,

आधी उत्तर देते, मग बाकीचं बोलते. त्याला न्या. पुढच्याच शनिवारी न्या. फक्त मागच्या वेळी नेलं तसं नेऊ नका.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात आईचं म्हणणं आहे, काकांचं आहे, गटातल्या दोन्ही बाजूंचं आहे, तुमच्या मनातली ओढाताण आहे. ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय, त्याचं मात्र एक वाक्यही नाही. त्याला यायचं होतं का? पोळ्या वाढायला आवडलं, की गर्दी बघूनच जीव घाबरला? रडला तो काका ओरडले म्हणून, की पुन्हा कोणी बोलावणार नाही हे कळलं म्हणून? हे त्यालाच विचारावं लागेल, आणि विचारायचीही एक रीत आहे. 'येशील ना रे?' असं विचारलंत तर तो 'हो'च म्हणेल. बौद्धिक दिव्यांगत्व असलेली बरीच माणसं समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात, कारण जन्मभर हो म्हटल्यावरच शाबासकी मिळालेली असते. म्हणून खऱ्या वस्तू समोर ठेवा. एका हातात पाण्याचा जग, दुसऱ्या हातात पोळ्यांचं टोपलं. 'यातलं काय करशील?' एवढंच विचारा आणि गप्प राहा. आईला तेवढ्या वेळ आत चहा ठेवायला पाठवा, नाहीतर उत्तर तिच्याच तोंडून येईल. दोन दिवसांनी पुन्हा विचारा, जग आणि टोपलं या हातातून त्या हातात घेऊन. दोन्ही वेळा त्यानं एकाच वस्तूला हात घातला तर ते त्याचं उत्तर समजा. दोन्हींकडे पाठ फिरवून आत निघून गेला तर तेही उत्तरच आहे, आणि तेही मानायचं.

आता त्या पोळ्यांकडे येते, कारण तुमच्या गटातला सगळा वाद तिथूनच सुरू झाला.

'सगळं नीट समजावून सांगितलं होतं' असं तुम्ही लिहिता. सांगितलं असणारच. पण ते तोंडी सांगितलं असेल, ऑटोत बसल्या बसल्या, एका दमात: रांगेजवळ उभं राहायचं, प्रत्येकाला दोनच द्यायच्या, पोळी खाली पडली तर पुन्हा टोपल्यात ठेवायची नाही, लहान मुलांना आधी द्यायचं. डाउन सिंड्रोम म्हणजे पेशींमध्ये २१व्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असणं. १९५९ साली फ्रान्समध्ये जेरोम लजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कारण जगापुढे मांडलं. त्या एका जादा प्रतीचा परिणाम सगळ्या क्षमतांवर सारखा होत नाही, आणि इथेच आपण फसतो. ऐकलेलं थोडा वेळ डोक्यात धरून ठेवणं या माणसांना फार जड जातं. पाहिलेलं त्या मानानं चांगलं लक्षात राहतं. जेवढं समजतं तेवढं बोलून दाखवता येत नाही. शिवाय बऱ्याच जणांना कानाचा त्रास असतो, थोडं कमीच ऐकू येतं. तुमच्या चार सूचनांपैकी पहिली बहुधा ऑटोतच राहिली, आणि उरलेल्या ॲम्ब्युलन्सच्या सायरनमध्ये आणि हॉर्नमध्ये बुडाल्या.

आणि त्याच्या समोर कोण उभं होतं, तेही बघा. गडचिरोलीहून, गोंदियाहून, पार बालाघाट-छिंदवाड्याहून पेशंट घेऊन आलेली, सकाळपासून वॉर्डाबाहेर बसलेली भुकेली माणसं. त्यातला कोणी म्हणाला असेल, 'अजून दे ना बाबा.' त्यानं दिली. 'दोनच पोळ्या' हा तुमचा नियम मागे उभ्या असलेल्या शंभर जणांच्या हिशोबातून आलेला आहे. तो हिशोब त्याला दिसत नव्हता, हात पसरून उभा असलेला माणूस दिसत होता. यात मला त्याची कमतरता दिसत नाही. तुमच्या गटातली बाकीची मंडळीही पहिल्या शनिवारी अशीच वाढत असतील. चार वर्षांत हिशोब अंगवळणी पडला, एवढंच.

याची दुरुस्ती सोपी आहे. दुपारी घरीच दोन-दोन पोळ्यांची गुंडाळी कागदात बांधून ठेवायची. एका माणसाला एक गुंडाळी. मग मोजायचं काही उरतच नाही, आणि तो काय, कोणीही वाढलं तरी चूक होत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एक कल्पना आहे, तिला मी वाजवी फेरबदल म्हणते: माणसाला कामाच्या मापात कोंबण्याऐवजी कामात थोडा, झेपेल इतका बदल करायचा. तुमची कागदातली गुंडाळी म्हणजे नेमकं तेच. रांगही लवकर सरकेल, हा तुमचा फायदा.

तरीही मी तुमच्या जागी असते तर सुरुवातीला त्याला पोळ्यांवर उभं केलं नसतं. पाण्यावर केलं असतं. विचार करा, त्याची चूक काय होती? मागेल त्याला, मागेल तितकं देणं. पाण्याच्या बाबतीत हीच गोष्ट बरोबर आहे. दुसऱ्यांदा मागितलं तर दुसऱ्यांदा द्यायचं, तिसऱ्यांदा मागितलं तर तिसऱ्यांदा. पाण्याचे कॅन आधीच भरून ठेवलेले असतात, संपायची भीती नसते. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा मेडिकलसमोर जेवणाआधी माणूस पाणीच शोधत असतो. ज्या हाताला मोजून देता येत नाही, त्या हाताला न मोजता द्यायचं काम द्या.

आणि ते काम शिकवा. सांगू नका, शिकवा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मार्क गोल्ड नावाच्या शिक्षकानं बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या प्रौढांना सायकलचा ब्रेक जोडायला शिकवलं. १५ सुटे भाग, ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या बाजूनं बसवायचे. सगळ्यांच्या लेखी ही माणसं अशा कामाच्या पलीकडची होती. गोल्डनं भागांच्या ज्या बाजू वर यायला हव्यात त्यांना रंग लावला, तोंडानं फार काही बोलला नाही, हातानं दाखवत गेला, आणि ती शिकली. शिकणाऱ्याला जमलं नाही तर शिकवायची पद्धत बदलायची, हा त्याचा आग्रह होता. विशेष शिक्षक म्हणून इतकी वर्षं काम करताना मला जेव्हा जेव्हा 'याला नाही जमणार' असं वाटलं, तेव्हा बहुतेक वेळा पद्धत माझीच बदलायची राहिलेली होती.

पाणी देण्याचे तुकडे पाडा. कॅनची तोटी उघडून जग भरायचा, तोटी बंद करायची, जग घेऊन रांगेपाशी जायचं, ग्लास भरायचा, माणसाच्या हातात द्यायचा, पिऊन झालेला ग्लास निळ्या टबात टाकायचा. प्रत्येक तुकड्याचा त्याचाच फोटो काढा, त्यानं स्वतः ते करत असतानाचा, आणि सहा फोटोंची पट्टी करून कॅनच्या टेबलाला चिकटवा. शिकवताना शेवटापासून सुरुवात करा. पहिल्या दिवशी बाकी सगळं तुम्ही करा, त्यानं फक्त भरलेला ग्लास माणसाच्या हातात द्यायचा आणि पिऊन झाल्यावर टबात टाकायचा. काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो, आणि समोरचा माणूस 'देव भलं करो बाबा' म्हणतो तेही त्यालाच ऐकायला मिळतं. ते जमलं की त्याआधीचा तुकडा जोडा. हे शनिवारी गर्दीत नाही करायचं. बुधवारी-गुरुवारी तुमच्या अंगणात करा, शेजारच्या चार बायांना पाणी प्यायला बोलवा. सुरुवातीला हाताला हात लावून, मग नुसतं बोट दाखवून, मग एखाद्या शब्दानं, आणि मग काहीच नाही. दाखवल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. त्याला उत्तर द्यायला, हात हलवायला वेळ लागतो, आणि आपण तिसऱ्या सेकंदालाच त्याच्या हातातून जग काढून घेतो.

मी स्वतः एकदा याहून मोठी चूक केली आहे, ती सांगायलाच हवी. एका उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या मंडळींनी पाणपोई लावली होती. आमच्या शाळेतून शिकून बाहेर पडलेली तिशीतली एक मुलगी (बघा, मीही 'मुलगी'च लिहिलं), एक बाई, तिला मी तिथे नेलं. सावलीत खुर्ची दिली, गळ्यात बिल्ला घातला, सगळे तिच्याशी फार प्रेमानं वागले. काम दुसऱ्या मुली करायच्या. तिला समाजात मिसळवलं म्हणून मी समाधानात होते. तीन आठवड्यांनी ती यायची बंद झाली. आई म्हणाली, 'ती म्हणते, तिथे मला काही काम नाही.' मला फार लागलं ते. मी परत गेले आणि रांजणांना गुंडाळायचं लाल फडकं तिच्याकडे सोपवलं: रोज घरी न्यायचं, धुवायचं, सकाळी ओलं करून आणायचं, रांजणांना गुंडाळायचं. फडकं एकच होतं. एका सकाळी तिला उशीर झाला, तर उघडे रांजण बघून दोन-तीन रिक्षावाल्यांनी विचारलं, 'त्या फडकेवाल्या ताई कुठे आहेत आज?' ती आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. त्यानंतर तो उन्हाळाभर तिनं एकही दिवस चुकवला नाही.

तुमच्या सगळ्या प्रश्नांना माझ्याकडे असलेलं उत्तर या एका फडक्यात आहे. त्याच्या न येण्यानं काहीतरी अडलं पाहिजे. पाणी त्याचं म्हणजे त्याचंच. तो आला नाही म्हणून दुसऱ्यानं लगेच जग उचलायचा नाही, आधी त्याला फोन गेला पाहिजे: 'अरे, निघालास का? इथे लोक पाण्याला थांबलेत.' बरं नसेल तर त्यानं तसं कळवायचं, काका जसं कळवतात तसंच. जन्मल्यापासून त्याच्या वाट्याला घेणंच आलं आहे. विशेष शाळेत वाटलेले स्वेटर, कोणाच्या वाढदिवसाची मिठाई, दिव्यांग दिनाची फळं. अठरा झाल्यावर शाळा संपते. कार्यशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर घर आणि टीव्ही. २७ वर्षांच्या आयुष्यात त्या एका शनिवारी, कदाचित पहिल्यांदा, त्यानं कोणाला तरी काही दिलं. पाच-पाच पोळ्या दिल्या.

म्हणून ती शाल नको. शालही घेणंच आहे. गटातल्या सोळाही जणांना शाल देणार असाल तर सतरावी त्याला द्या, तेवढं चालेल. फोटोंचंही तसंच. त्याला विचारून काढा, काढलेला त्याला दाखवा, आणि खाली 'देवाचं लेकरू' असलं काही लिहू नका. वाढणाऱ्या बाकीच्यांच्या फोटोखाली जे लिहाल तेच.

शब्दांवरून आठवलं. तुम्ही प्रेमानंच लिहिलंय, हे मला कळतं, पण 'मुलगा', 'बिचारा', 'समज लहान मुलाची' हे तीन शब्द गटात बोलताना टाळा. लहान मुलाची समज म्हणजे काय? त्यानं २७ पावसाळे पाहिलेत, घरातली मरणं पाहिली असतील, बहीण सासरी जाताना पाहिली असेल, शेजारची पोरं नोकरीला लागलेली आणि आपण घरीच राहिलेलो पाहिलं असेल. हे आठ वर्षांच्या मुलानं पाहिलेलं नसतं. ज्याला आपण लहान म्हणतो त्याला आपण काम देत नाही, रागावतो किंवा लाड करतो. काकांनी नेमकं तेच केलं. शाळांच्या पाट्यांवर अजून 'मतिमंद' शब्द दिसतो, तो तर बोलायलाच नको. नावानं हाक मारा, म्हणजे झालं.

काकांवर मात्र गट म्हणून तुटून पडू नका. पन्नास माणसं उपाशी राहणार हे दिसल्यावर त्यांचा तोल गेला. ती काळजी खरी होती. पण त्यांनी त्याची माफी मागायला हवी, तुमच्याकडे नाही, आईकडे नाही, त्याच्याकडे. दोन वाक्यांत: 'मी तुझ्यावर ओरडलो. माझं चुकलं.' एवढं पुरे. लांबण लावली तर त्याला कळणार नाही. काका हे करू शकले तर पुढे त्यांच्याइतका चांगला सोबती त्याला दुसरा मिळणार नाही. करू शकत नसतील तर जबरदस्ती नको, दुसरा सोबती ठरवा. पण सोबती एकच हवा, ठरलेला. आठ जण आठ बाजूंनी 'अरे इकडे बघ', 'अरे सांडतंय' करायला लागले तर कोणीही टोपलं टाकेल.

'सेवा करायला जातो की सांभाळायला' असं विचारणाऱ्यांना मी रागानं उत्तर देणार नाही, कारण माणसं दिवसभर नोकरी करून येतात. फक्त गटाकडे एकदा नीट बघायला सांगा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी कोणी तरी स्टूल नेतं. ज्यांना शुगर आहे त्या आधी चार घास खाऊन घेतात. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांना कोणाच्या तरी स्कूटीवर जागा असते. चार वर्षं तुम्ही एकमेकांना सांभाळतच आलात, म्हणून तर एक शनिवार चुकला नाही. यालाही त्याच यादीत घ्या.

आता फिट. हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं केलंत. आईकडून लिहून घ्या: शेवटची फिट कधी आली, किती वेळ राहते, आधी काही जाणवतं का, कोणतं औषध, किती वाजता. तो कागद सोबत्याच्या खिशात आणि त्याच्या खिशात. फिट आली तर आडवं करा, डोक्याखाली ओढणी किंवा पिशवी, आजूबाजूचं सामान बाजूला, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, नाकाला कांदा किंवा चप्पल नाही, रांगेतला कोणी कितीही आग्रह करो. पाच मिनिटांवर गेली, शुद्ध न येताच दुसरी आली किंवा श्वास नीट येत नसेल तर तडक कॅज्युअल्टीत. तुमचं सुदैव की ती समोरच आहे. दुसऱ्या जागी असाल तर १०८. फिटच्या काही औषधांनी घाम कमी येतो आणि नागपूरच्या उन्हाळ्यात अंग तापू शकतं, हे आईनं डॉक्टरांना विचारून घ्यावं. सावली, टोपी, आणि पाणी देणाऱ्यानं स्वतःही दर पंधरा मिनिटांनी पाणी प्यायचं. ही सातवी पायरी फोटोच्या पट्टीत घाला.

जबाबदार कोण, याचं उत्तर: काकांच्या पायावर उकळतं वरण सांडलं तर जो जबाबदार, तोच. गट. म्हणून गरम गंजाजवळ त्याला नको, आणि पहिला महिना चौकातला रस्ता एकट्यानं ओलांडायला नको. पण कायमचं सगळंच नको म्हणू नका. १९७२ साली रॉबर्ट पर्स्के या अमेरिकी लेखकानं अशा माणसांच्या संदर्भात लिहिलं की थोडा धोका पत्करू देणं हाही त्यांचा मान राखणं आहे. ग्लास सांडेल, एखाद्या दिवशी कोणी टोचून बोलेल, तो रुसेल. होऊ द्या. शौचालयाला जाताना सोबती बाहेर थांबेल, अनोळखी माणसासोबत कुठे जायचं नाही, कोणी पैसे मागितले तर सोबत्याला दाखवायचं, एवढे नियम पक्के करा. आईला 'निरामय' विचारा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची आरोग्य विमा योजना आहे, बौद्धिक दिव्यांगत्वालाही लागू, वर्षाला एक लाखापर्यंत. काढलेली नसेल तर काढायला मदत करा. आणि त्यांना हेही सांगा की १८ वर्षांनंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज पडली तर नॅशनल ट्रस्टच्या १९९९च्या कायद्याखाली जिल्हाधिकारी ज्या समितीत असतात तिथे अर्ज करावा लागतो. मेडिकलसमोर पाणी द्यायला मात्र असला कोणताही कागद लागत नाही, त्याची इच्छा लागते.

आईनं पहिले दोन शनिवार जवळच्या टपरीवर चहा घेत बसावं, हाकेच्या अंतरावर, पण नजरेसमोर नाही. तिसऱ्या शनिवारी घरी जावं. २७ वर्षांत तिला शनिवारची संध्याकाळ स्वतःसाठी मिळालेली नाही, आणि आई बघत असली की तो जग तिच्याकडेच घेऊन जाईल.

एक शक्यता मोकळी ठेवते. हे सगळं करूनही त्याला ती गर्दी सहन झाली नाही, तर हट्ट करू नका. दुपारी तुमच्या अंगणात पोळ्यांच्या गुंडाळ्या बांधण्याचं काम आहेच, आणि तेही अडणारं काम आहे. गणपतीत विसर्जनाच्या ठिकाणी निर्माल्य गोळा करणाऱ्यांसोबत न्या. हार घ्यायचा, कलशात टाकायचा, दोनच पायऱ्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर वाढायला मात्र पहिल्या वर्षी नको, लाखोंची गर्दी असते. दोन वर्षांनी तोच म्हणेल. आणि आपल्या विदर्भात कोणी विचारलं की अशी माणसं खरंच काही करू शकतात का, तर अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचं नाव सांगा. टाकून दिलेल्या दिव्यांग मुलामुलींना तिथे सांभाळणाऱ्या शंकरबाबा पापळकरांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, आणि त्या मुलामुलींनीच उजाड टेकडीवर झाडं लावून जगवली आहेत.

पुढे कधी तुमच्या कामाला देणग्या मिळाल्या आणि भांडी घासणाऱ्यांना, गाडीवाल्याला पैसे द्यायला लागलात, तर त्याच्या कामाचाही विचार त्याच हिशोबानं करा. सगळे फुकट असतील तर तोही फुकट.

जग घेताना एक लिटरचाच घ्या, कानाचा, हलका. डाउन सिंड्रोममध्ये बोटं आखूड असतात आणि स्नायूंची पकड सैल असते, मोठा जग निसटतो. पहिल्या शनिवारी अर्ध्या तासात थकला तर जाऊ द्या. आणि जाताना ते जग, ग्लास आणि निळा टब त्याच्याच घरी ठेवायला द्या.